‘चाळीस टक्क्यांखाली लेखनिक मिळत नाही’ हे खरे आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत दहावीत आहे. त्याला डिसग्राफिया, म्हणजे लेखनाशी निगडित अध्ययन अक्षमता आहे. उत्तर तोंडी बिनचूक सांगतो, पण कागदावर उतरवताना अक्षरे गळतात, ओळी सुटतात, निम्मा पेपर कोरा राहतो. शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ३० टक्के लिहिले आहे. शाळा म्हणते, ४० टक्क्यांखाली लेखनिकही (सांगितलेले उत्तर लिहून देणारा) नाही आणि जादा वेळही नाही. पुढे बारावी आणि ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आहे. कायदा काय म्हणतो आणि आता काय करायचे?

शाळेचे म्हणणे चूक आहे. शिवाय नाही म्हणण्याचा अधिकार मुळात शाळेला नाही. शाळेने प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो, निर्णय मंडळाचा असतो. पण ही चूक कुठून आली ते समजून घ्या, कारण पुढे प्रत्येक टेबलावर हेच वाक्य ऐकायला मिळेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातलीच एक. या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. ‘दिव्यांग व्यक्ती’ या व्याख्येत टक्केवारी कुठेच नाही; दीर्घकालीन दोष आणि त्याला आड येणारे अडथळे, एवढेच त्यात आहे. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या दुसऱ्या व्याख्येत ४० टक्के येतात. ही दुसरी व्याख्या सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातले ५ टक्के आरक्षण आणि ६ ते १८ वयापर्यंतचे मोफत शिक्षण अशा ठिकाणी लागते. परीक्षेबद्दल बोलणारे कलम १७ मात्र ‘दिव्यांग विद्यार्थी’ एवढेच म्हणते. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणे त्या कलमातच दिलेली आहेत. कलम ३ प्रत्येक दिव्यांगाला वाजवी सोय मिळेल अशी जबाबदारी सरकारवर टाकते.

मग चाळीसचा आकडा परीक्षेत कसा शिरला? केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती फक्त लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होती. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी तीच उचलून आपापल्या माहितीपत्रकात घातली आणि ‘चाळीसच्या आत कोणी नाही’ असा उलटा अर्थ रुळला. तो अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात मोडून काढला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला आयोगाने, दिव्यांगत्व लक्षणीय नाही म्हणून, लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले की लेखनिकाची सोय लक्षणीय दिव्यांगत्वापुरती नाही, वाजवी सोय ही त्या व्यक्तीची अडचण पाहून ठरते आणि कोणी गैरफायदा घेईल या भीतीने खऱ्या गरजूचा हक्क काढून घेता येत नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी गुलशन कुमार प्रकरणात, जे बँक भरती परीक्षेचे होते, न्यायालयाने ही सोय सगळ्या दिव्यांग उमेदवारांना द्या आणि तक्रारीसाठी पोर्टल उभारा असे बजावले.

हे दोन निकाल आणि केंद्राची सध्या लागू असलेली तत्त्वे (२०१८ आणि २०२२ च्या तत्त्वांच्या जागी २०२५ मध्ये नवी आली) छापून जवळ ठेवा. मुख्याध्यापकांशी वाद घालायला नव्हे, अर्जाला जोडायला.

आता प्रमाणपत्रे. बहुतेक प्रकरणे इथेच अडतात, कारण लोक एकाच कागदावर विसंबतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) हा पहिला कागद. ते ‘दिव्यांगत्व आहे’ एवढे सांगते; ‘लिहिता येत नाही’ हे सांगत नाही. (४० टक्क्यांखालच्यांना पांढऱ्या पट्ट्याचे कार्ड मिळते. ते असले तर ‘तुमचा मुलगा दिव्यांगच नाही’ हा मुद्दा तिथेच संपतो.) दुसरा कागद लिहिण्यातल्या मर्यादेचा. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणे आणि सेरेब्रल पाल्सी या तीन गटांना २०१८ च्या तत्त्वांनुसार मागितल्याबरोबर लेखनिक मिळत असे. इतर लक्षणीय दिव्यांगांना जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांच्या सहीचा ठरावीक नमुना लागे. तुमच्या मुलासारख्या, ४० च्या आतल्यांना २०२२ च्या नमुन्यात वैद्यकीय समितीचे प्रमाणपत्र लागे; आताचा नमुना त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. त्या समितीत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक असत.

४० च्या आतल्यांच्या या प्रमाणपत्राची मुदत २०२२ च्या नमुन्यानुसार जास्तीत जास्त सहा महिने होती. गुलशन कुमार प्रकरणात न्यायालयाने ती वाढवायला सांगितली, कारण ग्रामीण भागात तारीख मिळण्यातच महिने जातात. तरी टेबलावरचा माणूस छापील तारीखच वाचतो. ऑगस्टमध्ये काढलेले प्रमाणपत्र फेब्रुवारीच्या बोर्डाला जेमतेम पुरते आणि मेमधल्या नीटला मुदतबाह्य ठरते. म्हणून कॅलेंडर उलटे मोजा: परीक्षेचा शेवटचा दिवस धरा, त्यामागे सहा महिने जा, आणि त्याच्या आतली रुग्णालयाची तारीख घ्या. नवीन प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याची पोचही ठेवा.

अध्ययन अक्षमतेत आणखी एक खड्डा आहे. २०१८ च्या केंद्रीय मूल्यमापन तत्त्वांनुसार हे प्रमाणपत्र आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी काढायचे आणि अठराव्या वर्षीचेच कायमचे चालणार, असे ठरले होते; सध्याचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. तिसरीत काढलेले प्रमाणपत्र घेऊन दहावीचा अर्ज करणारे पालक दरवर्षी परत पाठवले जातात. बारावी आणि नीटच्या मधोमध मूल अठरा वर्षांचे झाले, तर बोर्डाला चाललेला कागद नीटला चालेलच असे नाही. मुलाची जन्मतारीख घेऊन हा हिशेब आजच मांडा. मूल्यमापनाला एका फेरीत भागत नाही. बुद्ध्यांकाची चाचणी, शैक्षणिक चाचण्या, दृष्टी आणि श्रवण तपासणी अशा तीन-चार खेपा होतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयातून सुरुवात करा आणि तिथे चाचणीची सोय नसेल तर कुठे पाठवतात ते लेखी घ्या.

अर्ज कसा लिहायचा याला फार महत्त्व आहे. ‘माझ्या पाल्यास सर्व सवलती मिळाव्यात’ असा अर्ज हमखास अर्धवट मंजूर होतो. प्रत्येक मागणी एका अडचणीला बांधा. मजकूर साधारण असा असावा:

‘माझा मुलगा सलग काही मिनिटे लिहिल्यावर अक्षरे व अंक गाळतो आणि गणिताच्या पायऱ्या चुकीच्या ओळीत लिहितो. तोंडी विचारल्यास तीच उत्तरे पूर्ण देतो. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, शाळेच्या चाचणीतील लेखी व तोंडी गुणांची तुलना आणि विशेष शिक्षकांचा अभिप्राय जोडला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम ३ व १७ अन्वये लेखनिक, दर तासाला २० मिनिटे भरपाई वेळ आणि सांगून लिहिण्यासाठी स्वतंत्र खोली मिळावी. मागणी पूर्ण वा अंशतः नाकारायची असल्यास कारणांसह लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य कधीही गाळू नका. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे अवघड जाते. अर्ज मुख्याध्यापकांना द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि तीच प्रत विभागीय मंडळाच्या सचिवांना ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. परीक्षेची आवेदनपत्रे साधारण दिवाळीच्या आगेमागे भरली जातात. त्या आवेदनपत्रात दिव्यांगत्वाचा रकाना भरलेला आहे ना ते स्वतः पाहा. तो कोरा गेला की पुढचे सगळे विशेष परवानगीच्या वाटेने जाते. शाळेच्या चाचण्यांतही सप्टेंबरपासूनच लेखनिक मागा. ‘शाळेत कधी लागला नाही, बोर्डालाच कसा लागला?’ हा प्रश्न मग उरत नाही. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तुमच्या गट साधन केंद्रात भेटतील, अभिप्राय त्यांच्याकडून घ्या.

वेळेबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे सगळे ‘सवलत’ म्हणतात, आणि त्या शब्दातच कोणीतरी उपकार करतोय असा वास आहे. २०१८ च्या तत्त्वांनी ‘जादा वेळ’ हा शब्दप्रयोग बदलून ‘भरपाई वेळ’ म्हणा असे सांगितले. मुलाचा जो वेळ अडचणीत जातो तो त्याला परत मिळतो, वरचे काही मिळत नाही. अर्जात हाच शब्द वापरा.

मोजमाप असे: तासाला किमान २० मिनिटे, कमी वेळाच्या पेपरला त्याच प्रमाणात, आणि आकडा पाचच्या पटीत. दहावीचा ८० गुणांचा तीन तासांचा पेपर असेल तर ६० मिनिटे. ४० गुणांचा दोन तासांचा गणिताचा किंवा विज्ञानाचा पेपर असेल तर ४० मिनिटे. दीड तासाला ३० मिनिटे. ५० मिनिटांच्या चाचणीला हिशेबाने पावणेसतरा मिनिटांच्या आसपास येतात. ‘किमान’ असल्यामुळे ती २० धरायची, १५ नाही. मंडळ सगळ्याच विद्यार्थ्यांना शेवटी काही मिनिटे देत असेल तर ती यात मोजायची नाहीत. अकराला सुरू झालेला तीन तासांचा पेपर असा तीनला किंवा त्याच्या थोडा पुढे सुटतो. पाणी, खाण्याचा डबा आणि मधे शौचालयाला जाण्याची परवानगी हेही अर्जात लिहा, कारण चार तास सलग बसणे मुलाला आणि लेखनिकाला दोघांनाही जड जाते.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले असे समजणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सांगून लिहून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते दोन-तीन महिन्यांच्या सरावाशिवाय येत नाही. किमान सहा-सात पूर्ण पेपर घड्याळ लावून त्याच लेखनिकाबरोबर सोडवा. गणितात ‘अ अधिक ब चा वर्ग’ म्हटले की लेखनिक a + b² लिहील की (a + b)²? म्हणून ‘कंस सुरू, ए अधिक बी, कंस पूर्ण, त्याचा वर्ग’ अशी बोली आधी ठरवा. अपूर्णांकात आधी ‘अंशात’, मग ‘छेदात’. मराठीच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण असतात, तेव्हा ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’ असे तोडून सांगण्याची सवय मुलाला हवी. इंग्रजीत अवघड शब्दाची अक्षरे एकेक सांगायची. भूमितीच्या आकृतीत बिंदूंची नावे आणि मापे ठरावीक क्रमाने सांगायची. पहिली पाच मिनिटे पूर्ण प्रश्नपत्रिका वाचून घ्यायची, आणि एका प्रश्नावर किती मिनिटे झाली हे लेखनिकाने सांगायचे की नाही तेही ठरवून घ्या.

लेखनिक कोण चालेल? बोर्डाला खालच्या इयत्तेतला विद्यार्थी लागतो, म्हणजे दहावीच्या मुलाला नववीपर्यंतचा. मोठ्या परीक्षांसाठी २०१८ च्या तत्त्वांनी स्वतःचा लेखनिक आणल्यास तो उमेदवारापेक्षा एक पायरी खाली शिकलेला असावा असे म्हटले; संस्थेने दिल्यास परीक्षेआधी दोन दिवस त्याला भेटू द्यावे असेही म्हटले. हे निकष बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नका. आयत्या वेळी लेखनिक आजारी पडला तर बदल मान्य करावा अशी तरतूद आहे. दुसऱ्या मुलाचे ओळखपत्र, बोनाफाईड दाखला आणि हमीपत्र आधीच तयार ठेवा. भाषा आणि इतर विषयांसाठी वेगवेगळे लेखनिक चालतात, एका विषयाला एकच.

‘कमी शिकलेला असावा’ या नियमामागचा हेतू (लेखनिकानेच पेपर सोडवू नये) मला कळतो, पण विज्ञानाच्या पेपरात त्याची किंमत मूल मोजते. ज्याने अवकलनाची चिन्हे कधी पाहिली नाहीत त्याला ती सांगून लिहायला लावण्यातच तुमची भरपाईची मिनिटे संपतात. प्रत्येक जिल्ह्यात मानधन देऊन तयार केलेले लेखनिकांचे पथक, हा खरा उपाय आहे. संस्थांनी लेखनिकांची पथके तयार करावीत ही वाट २०१८ च्या तत्त्वांतच दाखवली होती, आणि लेखनिक शोधण्याचे काम तरीही पालकांच्याच गळ्यात पडते. तोतयेगिरीचे उत्तरही हेच आहे. खोटे दिव्यांगत्व दाखवून लाभ घेतला तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आधीच आहे. तेवढ्यासाठी लिहिता न येणाऱ्या हजारोंना संशयाने पाहण्याची गरज नाही.

नीट आणि सीईटीची (राज्याच्या प्रवेश परीक्षेची) गोष्ट निराळी आहे, कारण तिथे अर्जाचा एक चौकोन चुकला आणि दुरुस्तीची मुदत उलटली तर परत वाट मिळणे कठीण. नीट ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या छापील उत्तरपत्रिकेवर असते, तीन तासांना एक तास भरपाई. तिथला धोका एक ओळ घसरण्याचा: लेखनिकाने प्रत्येक वेळी प्रश्नाचा क्रमांक मोठ्याने म्हणून मगच गोल भरायचा, आणि दर दहा प्रश्नांनी दोघांनी क्रमांक जुळवायचा. संगणकावरच्या परीक्षेत वेळ प्रणालीतच वाढवलेली असावी लागते. ९० मिनिटांचे दोन भाग असतील तर प्रत्येक भागाला ३० मिनिटे मिळाली पाहिजेत. शेवटी एकत्र साठ मिनिटे देऊन उपयोग नाही, कारण पहिला भाग तोवर बंद झालेला असतो. लॉगिन केल्यावर पडद्यावर दिसणारे घड्याळ पाहा. ते चुकले असेल तर ‘सुरू करा’ दाबण्याआधी केंद्रप्रमुखाला बोलवा. एकदा पेपर आपोआप जमा झाला की केंद्रावरचा कोणी तो उघडू शकत नाही.

परीक्षा केंद्रात काय घडू शकते याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. २०२१ च्या नीटमध्ये डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीचा पेपर सर्वांबरोबरच काढून घेतला गेला, भरपाईचा तास दिलाच नाही. अवनी प्रकाश प्रकरणात २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाला हे मान्य केले, केंद्रावरच्या माणसांना प्रशिक्षण द्या असे सांगितले, आणि तिच्या बाबतीत काय दुरुस्ती करता येईल याचा आठवड्यात विचार करा असा आदेश दिला. फेरपरीक्षा मात्र दिली नाही. निकाल बाजूने लागूनही गेलेला तास परत आला नाही, म्हणून परीक्षेआधी केलेली धडपड नंतरच्या खटल्यापेक्षा कितीतरी मोलाची.

त्यासाठी मंजुरीपत्रात मिनिटे आकड्यात लिहून घ्या. ‘नियमानुसार वेळ’ असे लिहिलेले पत्र पर्यवेक्षकाला काहीच सांगत नाही. परीक्षेच्या चार दिवस आधी केंद्रसंचालकांना भेटा, मंजुरीपत्राची प्रत द्या, खोली कोणती आणि कोणत्या मजल्यावर ते पाहा, आणि त्या खोलीवरच्या पर्यवेक्षकाला पेपर सुटण्याची वेळ आधी सांगितली जाईल याची खात्री करा. परीक्षेच्या दिवशी काही अडले तर मुलाने वाद घालत बसू नये. लिहीत राहावे आणि केंद्रसंचालकांना बोलवायला सांगावे. उत्तरपत्रिकेत तक्रारीचा एक शब्दही लिहू नये, तो गैरप्रकार धरला जाऊ शकतो. पेपर संपल्यावर त्याच दिवशी केंद्रसंचालकांना लेखी द्या आणि मंडळाला ईमेल करा: खोली, पेपर हातात पडल्याची वेळ, काढून घेतल्याची वेळ, उपस्थित कोण. दोन दिवसांनी केलेल्या तक्रारीचे वजन निम्मे होते.

आधीच नकार आला तर वाट अशी. राज्य मंडळ, विद्यापीठ, सीईटी कक्ष यांच्याविरुद्ध पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. नीट, जेईई, सीबीएसई यांच्याविरुद्ध दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे. गोव्यात पर्वरीचे मंडळ आणि गोव्याचे स्वतःचे राज्य आयुक्त. आयुक्तांची शिफारस आली की संबंधित संस्थेने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचे असते. हे तीन महिने लक्षात घेऊन तक्रार नोव्हेंबरच्या आत गेली पाहिजे, जानेवारीत केलेली तक्रार परीक्षेला पुरत नाही. जानेवारी उजाडलाच असेल तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच जवळ पडते. वकिलाच्या खर्चाने अडू नका: विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील कलम १२ नुसार मुलांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे जाताना शाळेला दिलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि नकाराचे पत्र न्या. नकार तोंडीच असेल तर आजच अर्ज द्या, उत्तरासाठी सात दिवस मागा, आणि ते दिवस उलटले की तीच पोच घेऊन जा.